पेजेने ताणलेले पंख

अंतू, काल तुझं बारावं झालं. वडे होते, काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं, खीर होती. तुझ्या आवडीचं सगळं होतं आणि तूच तेवढा नव्हतास, त्यामुळे पंगतीला तुझ्याबद्दल वाटेल ते बोलायला मोकळं रान मिळालं. माझ्या डाव्या हाताचा गृहस्थ पलीकडच्याला सांगत होता की अंतू मुंबईत विमान चालवायचा. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तो चालवीत नाय होतो. शिवीत होतो."

मग पलीकडचा म्हणाला, "म्हणजे शिंपी होतो म्हणा की." आणि त्याने वडा मोडला. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी त्याची तिथेच शाळा घेणार होतो, पण वहिनी माजघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने खीर खाल्ली. घरी आलो तरी चैन पडेना, म्हणून आज हे लिहायला बसलो. तू वाचणार नाहीस हे कळतं. तू होतास तेव्हाही कागद आला की माझ्याकडे आणायचास आणि म्हणायचास, "वाच रे मास्तरा, माका आयकाक बरां वाटता."

शिंपी! मालवणच्या मेढ्यातल्या शिडं शिवणाऱ्या घरातला तू. तुमच्या खळ्यात, घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, सबंध शीड पसरलेलं असायचं आणि तुझे वडील त्याच्या कडेने बसल्या बसल्या सरकत सुई मारत जायचे. त्या खळ्यातून उठून तू बोटीने मुंबईला गेलास आणि विमानतळावरच्या कारखान्यात लागलास. त्या काळी विमानांचे पंख म्हणजे लाकडाच्या फासळ्या आणि त्यांवर ताणलेलं कापड. ते कापड शिवायला सराईत हात लागत. साहेबाने तुझा टाका पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी तुला एका मोठ्या दुपंखी विमानावर घातलं. वर एक पंख, खाली एक पंख, दोन इंजिनं, आठ उतारू. तुम्ही कारखान्यातली कोकणी माणसं तिला 'बाय' म्हणायचात. किती वर्षं तू त्या बायचे पंख शिवलेस, उसवलेस, परत शिवलेस. मग सगळीकडे पत्र्याची विमानं आली. "पत्र्याक सुई खंय लागता?" एवढंच सांगून तू ट्रंक घेऊन परत आलास, तेव्हा तुझे केस पिकायला लागले होते आणि इथल्या बंदरातही शिडाची गलबतं कमी होत चालली होती.

आपली गट्टी तेव्हापासूनची. मी शाळेत चित्रकला शिकवणारा, तू घरी बसलेला. संध्याकाळी तुझ्या खळ्यात बसायचं आणि भांडायचं, हा आपला नेम. कशावरून भांडलो नाही? बांगड्याच्या तिकल्यात तिरफळ किती, आरमाराच्या किल्ल्याची कुठली बाजू आधी ढासळेल, पंख्याची पाती किती असावीत. तू एकदा बोलायला लागलास की हाताने हवेत टाके घालायचास आणि मी बोटाने हवेत रेघा मारायचो. वहिनी म्हणायच्या, ह्ये दोगे एकमेकांका खातले एक दिवस.

आणि मग ती पेटी आली. पन्नासचं दशक संपत आलं होतं बहुधा. पोस्टमनने ती डोक्यावरून आणली आणि तुझ्या ओटीवर अशी ठेवली की आत कुणाचं तरी बाळ आहे. तुझा जुना साहेब निवृत्त होऊन त्याच्या गावी गेला होता आणि दोघा-तिघा जुन्या सोबत्यांना घेऊन परसातल्या शेडमध्ये बायच्या छोट्या प्रतिकृतीचे लाकडी संच तयार करत होता. विकण्याचा धंदा नव्हे. मोजक्याच पेट्या, ज्यांनी तिच्यावर काम केलं त्यांच्यासाठी आणि थोड्या हौशी लोकांसाठी, बस. पेटीच्या झाकणाच्या आत तुझ्या पेटीचा नंबर शाईने लिहिलेला होता. आत कोरलेलं लाकडी धड, चार पंख, तारेच्या काड्या, करंगळीच्या नखाएवढे दोन पितळी पंखे, खिडक्यांसाठी अभ्रकासारखा पारदर्शक कागद, आणि आठ घड्या घातलेला नकाशा. खऱ्याच्या चार फुटांना इथे एक इंच. पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत सगळी बाय एक फुटाची.

साहेबाचं पत्र मी वाचलं. त्यात एक ओळ होती, की खरी विमानं आता कुठेच राहिलेली नाहीत, कापड फाडून काढलं आणि सांगाडे जाळले. ती ओळ तू मला दोनदा वाचायला लावलीस. मग म्हणालास, "जळूचीच. सुकां लाकूड ता." आणि उठून विहिरीवर पाय धुवायला गेलास. पाय धुतलेलेच होते.

भांडण दुसऱ्या दिवशी सुरू झालं. तू पेटीतला एक पंख तळहातावर घेऊन वजन केल्यासारखा धरलास. भरीव लाकूड, वर फासळ्यांच्या नुसत्या रेघा कोरलेल्या.

"हे लाकडाचे?"

"छोटां विमान आसा. लाकडाचेच असतले," मी म्हटलं.

"ही आमची बाय नाय."

मी तुला नकाशा दाखवला. सांगितलं, अशा पेट्या जगात मोजक्या आहेत, यातली एक काडीही बदलणं म्हणजे पाप. मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो, समोर जे आहे ते काढा, मनातलं काढू नका. तू ऐकून घेतलंस, आत गेलास आणि ट्रंकेच्या तळातून कागदात गुंडाळलेलं एक पांढरं कापड घेऊन आलास. कारखान्यातलं, पंखांचं कापड. निघताना साहेबाने दिलेलं, हातभर. तू ते माझ्या हातात दिलंस. इतकी घट्ट वीण मी पाहिली नव्हती. तरी तोंड गप्प बसेल तर मी कसला? म्हटलं, "चार फुटांना इंच हिशेब केलोस तर ह्या कापडाची जाडी बग. माणसाच्या अंगावर घोंगडी घातल्यासारखा दिसतला."

"दिसांदे घोंगडी," तू म्हणालास. "थंडी तरी वाजूची नाय तिका."

शेवटी तह झाला. धड, खिडक्या, रंग माझ्याकडे, पंख तुझ्याकडे. साहेबाचे लाकडी पंख तू पेटीतच ठेवून झाकण लावलंस.

कापडात एवढं काय आहे, असं मी तुला विचारलं होतं, आठवतं? दुसऱ्या दिवशी तू मला बंदरावर नेलंस. एक छोटी होडी शीड लावून आत येत होती. तू हाताने दाखवलंस, वारा शिडाच्या एका बाजूने कसा सरळ जातो आणि दुसऱ्या बाजूने पोटावरून कसा वळसा घेतो, आणि होडी त्या पोटाकडे कशी ओढली जाते. "ह्यां शीड आडवां झाला की तोच पंख, मास्तरा. पाण्याक ओढता तसां आभाळाक ओढता. आता लाकडाच्या फळीक पोट खंयसून येतला?" मी कॉलेजात दोन वर्षं काढली होती, पण उडणं म्हणजे काय हे मला त्या धक्क्यावर उभं राहून कळलं. तेव्हा तुला म्हटलं नाही. तेव्हा म्हटलं, "पोट तुझां वाढलां ता बग आदी."

तू माडाच्या झावळीचे हीर काढलेस. केरसुणीचे असतात तेच. ते पाण्यात भिजवून, चुलीच्या धगीवर वाकवून, एकेक फासळी केलीस. चार पंखांच्या फासळ्या, शेवग्याच्या शेंगेतल्या शिरांएवढ्या बारीक. सगळ्या एकसारख्या. मी माझ्या पट्टीने मोजून पाहिल्या, चूक सापडेल म्हणून. सापडली नाही. मग कापड कापलंस. चार पंखांना बेताचं पुरलं, उरलं ते रुमालाच्या कोपऱ्याएवढं. आणि मग सुई. सगळा हिवाळा आणि अर्धा शिमगा तू टाके घालत होतास, मी धड घासत होतो आणि तिसऱ्या खिडकीवरून आपण भांडत होतो. खऱ्या बायला तिसऱ्या खिडकीखाली ठिगळ होतं, तू स्वतः मारलेलं, ते मी रंगवावं असं तुझं म्हणणं. माझं म्हणणं, नकाशात ठिगळ नाही. अजूनही माझं मत तेच आहे, हे नोंदवून ठेवतो.

कापड शिवून झालं, पण ढिलं होतं. कारखान्यात त्यावर एक औषध फासत, त्याला पिकलेल्या केळ्यांचा वास येई आणि ते सुकलं की कापड मृदंगासारखं ताणलं जाई. ते औषध मालवणात कुठून मिळणार? तू साहेबाला पत्र लिहायचं म्हणत होतास. येण्याजाण्यात तीन महिने गेले असते. आणि इथे, अंतू, मी तोंड उघडलं. मी म्हटलं, "पेज फास."

तू म्हणालास, "पेज माणसां खातत रे मास्तरा, विमानां नाय."

मी म्हटलं, धोतराला खळ घालतात ती काय असते? पेजच. कुठेसं वाचलंय मी, अगदी सुरुवातीची विमानं करणारे लोकही पिठाचीच खळ लावीत. तू मान हलवत राहिलास. "पिटाचां काम. किडो लागतलो." मी तुला अडाणी म्हटलं. गमतीत म्हटलं, पण म्हटलं. वहिनींनी सकाळची पेज निवळून दिली. उकड्या तांदळाचं घट्ट पाणी. मी स्वतः ब्रशने लावलं, कारण तुझा हात उठत नव्हता. पंख खळ्यात उन्हात ठेवले. दुपारी येऊन पाहिलं तर कापड असं ताणलं गेलेलं की फासळ्या उठून दिसत होत्या. तू नखाने टिचकी मारलीस. आवाज आला. तू परत मारलीस. मग पंख कानाजवळ धरून डोळे मिटून टिचक्या मारत बसलास आणि तुझा चेहरा, अंतू, मी इतक्या मुलांना चेहरे काढायला शिकवले, पण तो चेहरा मला कधी काढता आला नसता. वहिनी पदराआड हसत होत्या. त्या दुपारी मला वाटलं, मी आयुष्यात काहीतरी चांगलं केलं.

पावसाळ्यात दमट हवेने कापड सैल पडेल म्हणून तू पंख एका टोपलीत ठेवून चुलीवरच्या माळ्यावर चढवलेस. बरोबरच केलंस, आपल्याकडच्या घरांत तेवढीच जागा कोरडी. गणपतीच्या आधी, साफसफाईला, टोपली खाली काढली. मी हजर होतो. तुझा मेहुणा होता, दोन शेजारी होते. झुरळांनी चारही पंखांचं कापड पेजेसकट खाल्लं होतं. तुझा दोरा तेवढा राहिला होता, फासळ्यांना धरून, ओळीने, जिथल्या तिथे.

कोणी काही बोलायच्या आत मी बोललो. सगळ्यांसमोर. "चुलीवर ठेवता काय कोण? झुरळांच्या घरात? मी पयल्यापासून सांगत होतंय, साहेबान दिलेले पंख लाव. बग आता."

मला त्याच क्षणी माहीत होतं. तू ती किडीची गोष्ट आधीच सांगितली होतीस आणि मी तुला अडाणी म्हटलं होतं. म्हणून तर मी एवढ्या मोठ्याने ओरडलो. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. पेटी उघडलीस, लाकडी पंख काढलेस आणि म्हणालास, "लाव. साहेबाचेच लाव." सरस गरम केलास आणि मी ते नकाशाप्रमाणे लावत असताना शेजारी बसून काड्या हातात देत राहिलास. सुरेख दिसत होतं विमान. नकाशात होतं तसं, तंतोतंत.

त्यानंतर आपण परत भांडलो, पुष्कळ भांडलो, बांगड्यावरून, निवडणुकीवरून, बोटीच्या वेळेवरून. त्या विमानावरून मात्र कधीच नाही. ते तुझ्या ओटीवरच्या फडताळात उभं होतं. कोणी पाहुणा आला आणि त्याने विचारलं की तू सांगायचास, "ह्यां मास्तराचां विमान." कौतुकाने सांगायचास. पाहुणा माझ्याकडे वळून वा वा करायचा. मी हो म्हणायचो. एकदाही मी म्हटलं नाही की हे माझं नाही, हा माणूस या विमानाचे पंख बारा वर्षं शिवत होता. तू ते माझ्यावर टाकून मोकळा झाला होतास आणि मी ते घेतलं होतं. रागाने ओरडला असतास तर मी माफी मागितली असती, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. तेव्हाही मागितली नसती.

मागच्या महिन्यात तुला ताप होता आणि मी उशाशी बसलो होतो तेव्हाही मी काय बोललो? बांगडा म्हणे मिरजेला पाठवतात हल्ली, बर्फात घालून. तू म्हणालास, "बर्फात घातलेलो बांगडो खाणारे लोक आसत, म्हणूनच देशाची ही गत." आपण दोघंही हसलो. फडताळ समोर होतं. उठून दोन पावलं टाकली असती तर पोचलो असतो. तीन दिवसांनी तू गेलास.

अंतू, पेज माझी होती. तू नको म्हटलं होतंस.

आज सकाळी तुझ्या घरी गेलो ते हेच सांगायला. वहिनी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी बसलोही नाही, उभ्याउभ्या सांगितलं: "वहिनी, ते पंख माझ्यामुळे गेले. पेजेची अक्कल माझी." त्यांनी सुपातून नजर वर केली. "पेज मी रांदलंय, मास्तरांनू. तुमी खंय रांदलास?" मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. त्यांनी ते संपेपर्यंत तांदूळ निवडले. मग म्हणाल्या, "झुरळांचो राग तेंका नाय होतो. झुरळां ती, खातली. तुमी सगळ्यांम्होरा 'बग' म्हणालास ना, ता लागला तेंका."

मी विचारलं, "बोलले होते?"

"नाय. माका दिसता ना."

मी फडताळातून विमान काढलं. म्हटलं, हे मला त्यांच्या नावावर परत करायचं आहे. लाकडी पंख काढतो आणि कापडाचे लावतो, मला येत नाही पण लावतो. वहिनी आत गेल्या आणि बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. त्यात तुझ्या हिराच्या फासळ्या होत्या, चारही पंखांच्या, कापसात गुंडाळलेल्या. एक तुटली आहे, बाकी सगळ्या शाबूत. कापड मात्र कुठून आणणार? साहेब तुझ्या आधीच गेला. वहिनींनी तुझं एक जुनं धोतर ठेवून घेतलं होतं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्यांनी त्याची कड दातात धरून टर्रकन फाडली. चार फुटांना इंच या हिशेबाला ते तुझ्या कारखान्यातल्या कापडापेक्षा जास्त चपखल आहे. रागावू नकोस, पण आहे.

कढत पाण्याच्या वाफेवर सरस सुटला, लाकडी पंख निघाले. ते मी पेटीत ठेवले. मग वहिनींनी मला सुई धरायला शिकवलं. लग्न होऊन आल्यावर सासऱ्यांच्या हाताखाली त्यांनीही शिडं शिवली होती, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. दुपारपर्यंत खालच्या डाव्या पंखाची एक कड झाली. माझ्या मते उत्तम झाली होती. रेघ सरळ होती, अंतरं सारखी होती. चित्रकलेच्या मास्तरला तेवढं जमायला हरकत नाही. मी ती वहिनींसमोर धरली.

त्यांनी चष्मा वर सरकवला, पंख उजेडाकडे केला, नखाने एक टाका उचलून पाहिला. आणि कात्री माझ्या पुढ्यात ठेवली. "ह्यो टाको तेंनी ठेवलो नसतो."

माझी चूक कोणी दाखवली आणि मी वाद घातला नाही, असं या गावात आजवर कोणी पाहिलेलं नाही. वहिनी वाट बघत होत्या, मी काय बोलतो याची. मी कात्री घेतली आणि पहिल्या टाक्यापासून उसवायला बसलो.